रविवारी वर्षाले काय सांगायचं

१२ ऑक्टोबर, रविवार.
आजपासून वही. चौथी शिकलेल्या बाईले वही कायले, असं कोणी विचारू नये. मले आता ऑफिसचं काम आहे.
वर्षाराणीचा पुण्याहून फोन आला. माझी नात. तिची माय लवकर गेली, मीच वाढवली, आता कंपन्यांची वकील आहे. कोर्टात उभी राहत नाही, कंपनीले कायदा सांगते. म्हणली, आजी, नुसता धंदा करून आता कंपनीचं भागत नाही. पर्यावरण, समाज आन कारभार, तिन्हीचा जाब द्यावा लागते. नियम एक वाचून होत नाही तर दुसरा येते, मी मागं पडून राह्यली. तिच्या मोठ्या मॅडम म्हणतात, कागद वाचून कोणी पुढं राहत नाही, वावरात काय चालू आहे ते ज्याले ठाऊक, तोच पुढं. आन ती ज्या कापडाच्या कंपनीचं काम पाहते, ती कापूस घेते कोणाचा, तर आमच्या आसेगावच्या शेतकरी गटाचा.
मी म्हटलं, पाणी, बाया आन पुढारी, हेच ना तुझे तीन विषय? हसली. म्हणली, आजी, वकील तर तूच व्हायले पाहिजे होती. ते मले ठाऊकच होतं.
आता दर रविवारी ती फोन करन, मी खबर देईन.
निश्चय: दिसन ते सांगीन. वाढवून नाही, लपवून नाही.

१५ ऑक्टोबर.
शेषरावच्या वावरात फवारणी. शेजारची चंदा औषध हातानंच कालवून राह्यली होती. काडीनं कालव म्हटलं तर म्हणली, काडी शोधतपर्यंत दोन ओळी होतात मावशी.
औषधाच्या रिकाम्या डब्यात बाया प्यायचं पाणी नेतात. वर्षा म्हणे तो डबा फोडून टाकायचा नियम आहे. चांगला धड डबा कोण फोडते? राखेनं तीनदा घासला की झालं. माझा डबा सहा वर्षांचा आहे. मले काय झालं?
तरी लिहून ठेवलं. रविवारी सांगायचं.

१९ ऑक्टोबर, रविवार.
फोन बावीस मिनिटं चालला. मागच्या वर्षी अख्ख्या वर्षात एवढी बोलली नसन.
पाण्याचं विचारलं. मी म्हटलं, स्टीलचा हंडा असते, वर झाकण. झाकण मी माझ्या मनानं लावलं. पुण्याच्या लोकांसमोर आपल्या गावाची अब्रू कायले काढायची?
दिवाळीले येशील का म्हटलं. कामाचा ढीग आहे म्हणली. बरोबर आहे. तिचं काम मीच वाढवून राह्यली.

२८ ऑक्टोबर.
चंदा वावरात पडली. ओकाऱ्या, तोंडाले फेस, हातपाय लटलट. वाशीमच्या दवाखान्यात नेली.
शेषराव आला. गटाचा अध्यक्ष आहे, म्हणून बसल्याजागी पाय हलवते. म्हणे, काकू, हे वर्षाच्या कानावर घालू नका, कंपनीनं कापूस सोडला तर अख्खा गट बसन. मी म्हटलं, शेषराव, तुले नाक पुसता येत नव्हतं तवापासून मी माझं तोंड सांभाळून आहे, काय बोलायचं ते तू सांगू नको. खाली मान घालून गेला.
रविवारी सारं सांगणार. मी काही त्याच्या धाकात नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.
सांगणार होती. पण फोन उचलल्याबरोबर पोरगीच बोलत सुटली. मिटिंगमधी मॅडमनं तिची तारीफ केली, सगळ्यांसमोर. बाकीचे इंटरनेटवरून सांगतात, हिच्याजवळ गावातली पक्की खबर. आसेगावात सारं ठीक आहे अशा कागदावर तिनं सही करून दिली म्हणे. तुझ्या भरवशावर, आजी.
अशा टायमाले फेस आन ओकाऱ्या कोण काढते?
चंदा तशीही घरी आली आहे. बऱ्या झालेल्या दुखण्याची खबर होत नाही. लपवणं वेगळं आन न काढणं वेगळं.

९ नोव्हेंबर, रविवार.
वर्षा येऊन राह्यली. मंगळवारी अठराले, मॅडमले घेऊन, वावर आन बाया पाहायले. दोन वर्षांनी. मी म्हटलंच होतं, काम वाढलं की पोरगी घरी येईन.

१३ नोव्हेंबर.
तयारी. शेषरावले काही समजत नाही, सारं मलेच पाहावं लागते. मी तीन पोरी उजवल्या, पाहणीचे पाहुणे कसे सांभाळायचे ते मले शिकवू नये. अंगण सारवून घेतलं. शाळेतून खुर्च्या मागवल्या. नऊ बायांले लग्नातले लुगडे नेसायले सांगितले. त्यातली सहाराणी म्हणली, कापूस वेचायले जरीचं लुगडं? मी म्हटलं, पाहणीच्या दिवशी पोरगी काय शेणाच्या हातानं बसवतात?
पाहुणे काही विचारोत, एकच उत्तर पाठ करून घेतलं: "नाही जी, आमाले काहीच तरास नाही."
चंदाले म्हटलं, तू मागं बस, हात पदरात ठेव. अजून थरथरतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
वर्षा वाळली आहे. गाडीतून उतरली आन आधी माझ्या गळ्यात पडली, मॅडमच्या समोर.
मॅडमनं पहिल्या बाईले विचारलं, तरास? नाही जी, काहीच तरास नाही. दुसरी तेच. तिसरी तेच. मग मॅडम थेट मागं गेल्या आन चंदाले म्हणल्या, लेकरं किती तुम्हाले? चंदा म्हणली, नाही जी, काहीच तरास नाही.
मॅडम हसल्या नाहीत. वही मिटली. ऊन लागून राह्यलं, पाणी मिळन का म्हणल्या. उसना आणलेला हंडा तोवर रिकामा झाला होता. चंदाले वाटलं, पाहुणीले पाणी द्यावं. झाडाले टांगलेला डबा काढला. त्यावरचा विषाचा लाल तिकोन राखेनं अजून गेला नाही.
वर्षानं डबा पाहिला, मग चंदाचे हात. तिले बाजूले घेऊन बोलली. चंदानं सारं सांगितलं. खोटं बोलायची तिले एकाच वाक्यापुरती तालीम होती.
मंग वर्षा माझ्याजवळ आली. बारीक आवाजात म्हणली, आजी, कायदा मले कोणीही शिकवला असता. जे कागदावर येत नाही तेवढ्यासाठी तू पाहिजे होती.
मी म्हटलं, भाजी झाली आहे, दोन घास खाऊन जा. म्हणली, तुमी खाऊन घ्या.
लहानपणापासून मले तू म्हणते. मॅडम होत्या म्हणून म्हणली असन.

२३ नोव्हेंबर, रविवार.
फोन नाही. प्रवासानं थकली असन.

३० नोव्हेंबर, रविवार.
फोन नाही. मोबाईलचीच रेंज गेली असन म्हणून वेशीपर्यंत गेली. रेंज होती.

७ डिसेंबर, रविवार.
मीच लावला. वाजून वाजून बंद झाला. शेषरावनं कुठून तरी ऐकलं, ते काम तिच्याकडून काढून घेतलं आन तिनं सही मागं घ्यायचं पत्र दिलं. शेषरावचं काय खरं मानायचं?

१४ डिसेंबर.
कंपनीकडून कोणी घरोघर विचारायले येणार आहे. बरं झालं. आता निश्चय पक्का. सारं वहीत काढलं: डबे, हातानं कालवणं, चंदाची तारीख, शेषरावचं येणं, माझं झाकण. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं. कुठं अडकत नाही. मी खरं बोलली हे त्या कागदातून वर्षाले समजन. मंग ती फोन करन.

२१ डिसेंबर, रविवार.
कंपनीकडून मंगरूळपीरची पोरगी आली, यूसरा नावाची. गुणी वाटली. सहाराणीच्या घरी अर्धा तास, चंदाच्या घरी दीड तास. चंदा रडून राह्यली होती, ऐकू आलं. मी दारात खाट टाकून बसली, वही मांडीवर.
माझ्या घरापुढून ती सरळ पुढच्या घरी गेली.
हाक मारली. म्हटलं, बाई, एक घर राह्यलं. तिनं यादी पाहिली. बिचारी ओशाळली. म्हणली, दादीजी, तुमच्या नावावर काट आहे. वर्षाराणी मॅडमनं ऑफिसले लिहून दिलं: 'नातेवाईक. माहिती घेऊ नये.' कायदाच तसा आहे, घरच्या माणसाची खबर धरत नाहीत.
मी म्हटलं, बरोबर आहे, कायदा पक्का आहे तिचा. मागं पडली नाही पोरगी.
चहाले बस म्हटलं. त्यालेही मनाई आहे म्हणली.
ते लिहिलेलं दाखव म्हटलं. दाखवलं. नातेवाईक, एवढंच. आजी लिहायले तिथं जागा पुरली नसन.