पिवळा खांब

प्रिय शेंडेफळ,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की तुझ्या थोरल्या भावाचा आपल्याच वसाहतीत घोर अवमान झाला. घरामागच्या धक्क्यावरचा, आपण होडी बांधतो तो लाकडी खांब मला पिवळा रंगवायचा होता. घरमालक संघाकडे रीतसर अर्ज केला. अर्जात 'पीतवर्णलेपनार्थ' असा भारदस्त समासही घातला. उत्तर एका शब्दाचं आलं : अमान्य. कारण कलम नऊ : पाण्यावरून दिसणारी प्रत्येक भिंत, दार, कठडा आणि खांब राखाडीच हवा, तोही संघाच्या कचेरीत मिळणाऱ्या डब्यातला. तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, त्यामुळे नियमांना मी घाबरत नाही. पण नियम आला की मागोमाग अपवाद येतो, हे या मंडळींना कुणी शिकवलेलंच नाही.

आता गंमत ऐक. कलम नऊ आपल्या बाबांचं. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. कोपऱ्यावरच्या घराला कुणीतरी पोपटी रंग दिला, आणि बाबा जेवता जेवता कडाडले, "पाण्याकाठी हा पोपट कुणी आणून बसवला?" त्याच रात्री ताटं बाजूला सारून त्यांनी नियमावलीत ते कलम लिहिलं आणि तू खाली तुझं नाव गिरवलंस. मूळ प्रत अजून कचेरीत आहे, तुझ्या सहीसकट. तेव्हापासून बेचाळीस घरं एका रांगेत, एका रंगात उभी आहेत. शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी.

बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी चहा घेऊन होडी काढतात, नदीच्या वळणापर्यंत जातात आणि परत येतात. वल्ही मारण्यात मी त्यांना आजही हरवू शकत नाही. गेल्या महिन्यात एकदा त्यांनी होडी शेजारच्या काकूंच्या धक्क्याला बांधली आणि वर जाऊन त्यांच्या व्हरांड्यात चहाची वाट पाहत बसले. काकूंनी चहा दिला. मला नंतर म्हणाल्या, "अरे, मला वाटलं भेटायलाच आलेत." पुढच्या आठवड्यात ते थेट दातांच्या डॉक्टरांच्या घरात शिरले, बूट काढून जागेवर ठेवले आणि डॉक्टरांनाच विचारलं, "तुम्ही इथे कसे?" डॉक्टर मोठा समजूतदार माणूस. म्हणाला, "सहजच आलो होतो काका, निघतो आता." आणि स्वतःच्या घरातून बाहेर पडून, सपाता फटफटवत मला बोलवायला आला. पाण्यावरून बघितलं तर सगळी घरं सारखीच दिसतात गं. बाबांनीच तशी व्यवस्था करून ठेवली आहे.

म्हणून पिवळा खांब. अर्ज फेटाळल्यावर मी घरोघर जाऊन खरं कारण सांगितलं. फक्त बाबांना सांगितलं नाही. विषय सर्वसाधारण सभेत पुन्हा आला. संस्थापक म्हणून बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. अध्यक्षबाईंनी ठराव वाचताच ते उभे राहिले. "माझा मुलगा असला म्हणून काय झालं? आज पिवळा खांब, उद्या पोपटी घर! मग नियम कशाला केले?" बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, भल्याभल्यांना बाकावर उभं केलेलं. पण त्या चष्मा पुसत बसल्या. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मतं पडली एक्केचाळीस विरुद्ध एक. घरामागे एकच मत, आणि आपल्या घराचं मत बाबांच्या नावावर. तेव्हा ठरावाच्या विरोधात अख्ख्या वसाहतीत एकच घर गेलं, अर्जदाराचं! घरी येताना बाबा म्हणाले, "लोकांना शिस्त म्हणून राहिली नाही रे." मी म्हटलं, "नाही ना."

दुसऱ्या दिवशी ब्रश मात्र त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतला. "व्याकरणवाल्याचं काम नाही हे. आधी घासून घे, नाहीतर पोपडे निघतील." दोन हात दिले, वर गुडघ्यावर पिवळा ठिपका. गेले आठ दिवस ते बाणासारखे सरळ आपल्या धक्क्याला येतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कप घेऊन उभा असतो. लांबून होडी वळताना दिसते, आणि खरं सांगतो, इतकी बरी सकाळ माझ्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. फोनवर मी तुला 'बाबा मजेत आहेत' म्हणतो, ते खोटं नाही. अपुरं आहे.

काल ते होडी बांधून वर आले. मी दार उघडलं. माझ्याकडे बघून अगदी अदबीनं म्हणाले, "खांब पिवळा केलात, फार छान केलंत. घर लगेच सापडतं. तुम्ही इथेच राहता का?" मी "हो" म्हटलं. मग आत आले, खुर्चीत बसले आणि नेहमीसारखं ओरडले, "अरे, चहा टाक की!" मिनिटभराचाच प्रकार. पण चहात मी साखर दोनदा घातली. घर ओळखू यावं म्हणून मी खांब रंगवला. मी ओळखू यावा म्हणून काय करायचं, ते मला सुचत नाही. मला भीती वाटते गं. तुझं नाव ते अजून रोज घेतात, न चुकता. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नकोस. आत्ताच ये.

तुझाच,
दादा