तळच्या थरातला जव

३ मार्च
आजपासून पुतणीच्या खोदकामावर. दुकान मुलाच्या हवाली केलंय. घरी बसलो तर बायको केरासोबत मलाही बाहेर काढेल. काम किरकोळ: खड्ड्यातली माती पाण्यात सोडायची, हजारो वर्षांपूर्वी जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते गाळणीत धरायचे. जन्म धान्याच्या व्यापारात गेला. आठवड्यात निकाल लावतो.

७ मार्च
मुळं. गोगलगायी. कंबर गेली. पुतणी म्हणते, तळच्या थरात पेरलेल्या पिकाचा एक दाणा मिळाला तर इथली शेती किती जुनी ते ठरेल. नाहीतर तिचा प्रबंध बसला. म्हटलं, काका आहे ना. म्हणाली, तीच काळजी आहे.

१२ मार्च
उद्यापासून पहाटे उठणार. (आज कंबर.) पुतणीच्या प्रोफेसरांना मायक्रोस्कोपशिवाय दाणा कळत नाही. आम्ही पोत्यात हात घालून सांगायचो. तसं त्यांना सुनावलं. म्हणाले, अरे वा.

१९ मार्च
पुन्हा मुळं. बायकोने विचारलं, तिथे मिळतं काय? म्हटलं, ज्ञान. म्हणाली, मग येताना भाजी त्याचीच आणा.

२४ मार्च, दुपार
उद्या खड्डा बुजवणार, आणि आज सापडला. अख्खा, काळाभोर जव. माझ्याच गाळणीत. देठाचा तुकडा चिकटलेला, ओबडधोबड तुटलेला. पुतणी म्हणाली, काका, हा झोडपून काढलाय. रानटी असता तर आपसूक गळला असता. डोळे भरले पोरीचे. आता वय ठरवायला लॅबमध्ये जाणार. लेखावर माझं नाव पहिलं की दुसरं, एवढंच ठरायचंय.

२४ मार्च, संध्याकाळ
ती डबी आणायला गेली. दाणा माझ्या तळहातावर. आता, माल हातात आला की एक दाणा दाढेखाली घालायचा, ओलावा कळतो. सगळेच व्यापारी करतात. हात आपोआप गेला.
ओलावा शून्य. मालाबद्दल तक्रार नाही.
फोटो काढायचा होता म्हणे. मग आधी सांगायचं.

२५ मार्च
खड्डा बुजवला. प्रोफेसर माझ्याशी फारच अदबीने बोलले. पुतणीने गाडीतून घरी सोडलं. तिला म्हटलं, मी लेखी दाखला देतो: जव होता, जुना होता. म्हणाली, दाखल्याचं वय काढता येत नाही काका.
दाराशी उतरताना विचारलंन, चव कशी होती?
बराच वेळ आठवून पाहिलं. कशाचीच नव्हती, बाळा, म्हटलं.