डावरी गिटार

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

गिटार सुखरूप पोचली. खोका एवढा मोठा, की जिन्यातच अडकला. तुझे भाऊजी विचारायला लागले, कपाट मागवलंस की काय! शिवणाचं दुकान बंद केल्यापासून रिकामा वेळ खायला उठतो असं मी सहज म्हणाले, आणि तू चक्क छोटीची गिटार धाडलीस. भावजय म्हणून आली आणि धाकटी बहीण होऊन गेली रे ती. तिच्या माघारी दीड वर्ष तू त्या गिटारीची खोळसुद्धा काढली नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून जास्तच भरून आलं.

लाँड्रीच्या वर एक क्लास आहे, तिथे नाव घातलंय. विद्यार्थी सगळे शाळकरी, मास्तर माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्याच दिवशी एका आईने विचारलं, नातवाला सोडायला आलात का. मी म्हटलं, नाही बाई, मलाच सोडायला आलेय.

एक अडचण निघाली. छोटी डावरी, म्हणून तारा उलट्या क्रमाने लावलेल्या. मी पडले उजवी. मास्तर म्हणतो, काढून सुलट लावल्या की झालं. पण तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. लावू ना?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्लासला जातेस, आनंद वाटला. पण तारांना हात लावू नकोस.

त्या मी बसवल्यात. चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रूंची सवय, म्हणून दर वेळी ते काम माझ्याकडेच असायचं. ती शेजारी बसून सांगायची, मी बसवायचो. ह्या शेवटच्या तर तिला वाजवायलाही मिळाल्या नाहीत. त्या फिरवल्या तर ती गिटार तिची उरणार नाही. नाहीच जमलं तर कपाटावर ठेवून दे.

तिखट लिहितोय, कळतंय मला. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा


दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

रागावेन कशाला, वेड्या? तारा जशाच्या तशा आहेत, मीच उलटी झालेय. गिटार डावरी तर मीही डावरी, असं ठरवून टाकलं. मास्तरने कपाळाला हात लावला.

पण हात ऐकत नाहीत रे. चाळीस वर्षं उजव्या हाताने कात्री चालवली. आता डाव्याला तारा छेडायला सांगते, तर तो पाहुण्यासारखा नुसता बसून राहतो. शेजारी बसणारी आठ वर्षांची मुलगी अख्खं गाणं वाजवते आणि वर मला धीर देते, की आजी, येईल हळूहळू. तुझे भाऊजी कानात कापूस घालून पेपर वाचतात.

तरी तुझे उपकार मानते. आयुष्यभर लोकांच्या लग्नाची घाई माझ्या मशीनवर. कुणाचंही माप न घेता तासभर बसायचं, हे सुख मला ह्या वयात तुझ्यामुळे मिळालं. वेळेवर जेवत जा. कँटीनचं नको, घरी शिजव.

माझी काळजी करू नकोस, मला तुझी करू दे.
ताई


दि. १० मार्च

प्रिय मेहुणेबुवा,
स. न. वि. वि.

तुमच्या ताईच्या नकळत लिहितोय, तेव्हा मला उत्तर पाठवू नका, पकडला जाईन.

हिचा क्लास गेल्या आठवड्यापासून बंद आहे. मास्तरांनी दुसरी गिटार देऊ केली, तर म्हणाली, वाजवीन तर छोटीची, नाहीतर कुठलीच नाही. आणि ह्या तारांवर आपला हात बसायचा नाही, हे तिला कळून चुकलंय. काल गिटार पुसून कपाटावर ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

तुमचं मन मोडून काही करा असं मी म्हणणार नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं. कापूस परत कानात घालायची माझी तयारी आहे.

कृपा असू द्या आणि हे पत्र फाडा.
आपला,
भाऊजी


दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींनी मला काहीही कळवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गिटार कपाटावरून खाली काढ.

काल शर्टाला इस्त्री करत होतो. मला पहिली नोकरी लागली तेव्हाचे शर्ट आठवतात? कॉलर विरली की तू ती उसवून, उलटवून परत लावायचीस. शर्ट माझाच राहायचा, आणखी दोन वर्षं अंगावर यायचा. हातातली इस्त्री तशीच राहिली आणि माझी मलाच लाज वाटली. छोटीने ती गिटार वाजवायला घेतली होती ग, जपायला नाही.

तारा सुलट कर. नको, तू करू नकोस. रविवारी मी येतो, मीच लावतो.

माझ्या एका शब्दाखातर तू दोन महिने त्या तारांशी झगडलीस. माझ्यासाठी इतकं करणारं माणूस मला अजून आहे, हे मी विसरूनच गेलो होतो. फार बरं वाटलं, ताई.

आशीर्वाद हवाच आहे, तो समोर येऊन घेतो.
धाकटा


दि. २८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तू गेलास, पण घर अजून हसतंय. काय तो थाट! सगळ्या तारा काढल्यास, नव्या कोऱ्या घातल्यास, पिळल्यास, घाम पुसून गिटार माझ्या हातात दिलीस, आणि मी छेडून बघते तर परत उलट्याच! तुझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मी मनात म्हटलं, आता हा उठून निघून जाणार. तू तारांकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि असा काही हसलास की भाऊजींच्या हातून चहा सांडला. छोटी गेल्यापासून तुझं ते हसू ऐकलं नव्हतं. हसता हसता रडलास, तेही बरं झालं.

दुसऱ्या खेपेला सुलट लागल्या, त्या घेऊन मंगळवारी क्लासला गेले. इतक्या नीट तारा कुणी बसवल्या, असं मास्तरने विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाने. ते कुठे शिकले म्हणाला, तर म्हटलं, आमच्या छोटीकडे. मग दोन सूर लागोपाठ वाजवले, न अडखळता! आठ वर्षांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तुझे, छोटीचे, ह्या चोरून पत्र लिहिणाऱ्या माणसाचे, कुणाकुणाचे आभार मानू?

मास्तर म्हणतो, तारा दोन-तीन महिन्यांत गंजतात, बदलाव्या लागतात. त्या कशा बसवायच्या ते मला शिकवायला तयार होता. मी स्पष्ट सांगितलं, तेवढं एक मला शिकायचं नाही. त्यासाठी आमच्याकडे माणूस येतो.

वाट बघणारी,
ताई