फेस चढेना

नागपूर, ४ मे २०२५

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

तू रामटेकला परत गेलास आणि खोलीत तुझ्या हिना अत्तराचा वास तेवढा राहिला. कानात फाया घालून हिंडणारा आपल्या घरात तूच उरलास! फोनवर सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितो.

माझ्या काचेच्या समुद्राचं ठीक नाही. खाऱ्या पाण्यातली घाण फेसावर चढवून बाहेर टाकणारा माझा घरगुती स्किमर तू गेल्यापासून फेसच धरेना. पंप चालतो. हवा ओढायची सलाइनची नळी आखूड करून पाहिली, पंप धुतला. आवाज कमी व्हावा म्हणून नळीचं तोंड होमिओपॅथीच्या भोकं पाडलेल्या पांढऱ्या डबीत घेतलंय, तेही जागच्या जागी. माशांच्या जोडीतली केशरी मादी काल गेली. गुडघ्यांपायी तुझ्या वहिनीला, जयाला, समुद्राला नेता आलं नाही, म्हणून तो घरी आणला. आता ती काचेकडे पाठ करून बसते. तू असताना काही हललं होतं का?

गुरुजींपुढे समुद्राची कविता म्हणताना तू ओळ विसरायचास, मी मागून कुजबुजायचो. लोभ तेव्हाइतकाच आहे.

श्रीधर

रामटेक, ९ मे

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

मासोळीचं वाचून वाईट वाटलं. पण रागावू नका, दोष तुमच्या रचनेतच आहे. एवढ्याशा नळीने हवा कितीशी येणार? दुपारी तिचा फुत्कार ऐकून उशाशी नाग बसल्यासारखं वाटे. तरी मी तिला बोटसुद्धा लावलं नाही. नागपुरात समुद्र काहून पाहिजे? विकून टाका. वहिनींना आमचा तलाव दाखवतो.

त्यांना नमस्कार. माया असू द्यावी.

आपला गोपाळ

नागपूर, १५ मे

गोपाळ,

तुझं मानून चार दिवस नळ्या बदलत होतो. आज डबी उघडली. आत नळीच्या तोंडात कापसाचा बोळा, दाबून बसवलेला. मी नाकाशी नेला, मग जयाच्या हाती दिला. ती म्हणाली, हा वास तर भाऊजींचा.

बोळा काढला आणि ताकावर लोणी यावं तसा फेस वर आला. नर एकटाच फिरतोय.

झोप येत नव्हती तर सांगायचं होतं गा! दुपारभर पंप बंद ठेवून मी हाताने पाणी ढवळत बसलो असतो. मासोळीचं दुःख मी गिळीन. पण बोटसुद्धा लावलं नाही, हे तू मला लिहिलंस.

नळी आता खिडकीबाहेर काढली आहे. खोलीत आवाज येत नाही.

फाया सोबत धाडतो. या वेळी तुझी ओळ तूच म्हण. मी मागून सांगणार नाही.

श्रीधर