मी मोटारीतून उतरणार नाही

देरा, दुबई
शुक्रवार, ११ मार्च १९६६

धाकट्या याकूबला, सलामाऐवजी तक्रार.

आज सकाळी सव्वादहा वाजता तू आपल्या मोटारीला पाना लावलास. मोडून सुटे भाग विकायचे म्हणून आपण दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून ती मुंबईहून मागवली, हे मान्य. पण ती मेलेली आहे, असं तूच सांगितलं होतंस! काल तू जेवायला गेलास आणि मी सहज किल्ली फिरवली, तर ती गुरगुरली. अरे, मी ती खाडीपर्यंत नेली! बासष्टाव्या वर्षी! कॉन्व्हेंटात नोकरीला असताना तिथल्या मदर सुपीरियरच्या गाडीवर शिकलेलं हात विसरले नव्हते. आणि तू म्हणतोस, "आपा, खलास. इंजिनाला गिऱ्हाईक ठरलंय." कुर्बानीच्या बकऱ्याचे हिस्सेसुद्धा तो जिवंत असताना कुणी पाडत नाही, याकूब.

मोटार मोडणार नाही, असं उद्या दुपारच्या अजानच्या आत मला लेखी कळव. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचवायला मला खाली उतरावं लागेल, आणि मी उतरले की तू पाना उचलशील. म्हणून ते इथेच, माझ्या मांडीवर राहील. वाचायचं असेल तर खिडकीशी ये.

चालकाच्या सीटवरून,
तुझी थोरली बहीण जुलेखा