फाटकाशी भरणारा ताप

कल्याण, १६ जुलै १९५७

ती. प्रमोदिनीमावशीस,

तुझ्या लक्ष्मीचा साष्टांग नमस्कार. (तू सांगितलेले रोजचे पंचवीस झाले, हा सव्विसावा.) तुझे गुडघे कसे आहेत? ठाण्यातली फ्लूची साथ ओसरल्याचे कळले. इथली अजून मुक्कामाला आहे.

साथीत नियमित व्यायाम करणाऱ्याची प्रकृती टिकते, असे तू लिहिलेस. मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे अर्धवट काही करणे जमत नाही. रोज पंचवीस सूर्यनमस्कार, दोरीच्या दोनशे उड्या आणि एसटीतली खोकणारी गर्दी टाळून मोहने गावातल्या आमच्या कारखान्यापर्यंत भरभर चालत, सगळे वहीत नोंदवून. भूक वाढली, झोप सुधारली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. खाली राहणाऱ्या मालकीणबाई आवडाबाई उड्यांच्या वेळी छताला काठी ठोकतात (मला वाटे, ठेका धरतात).

घोटाळा फाटकावर झाला. तिथे कंपाउंडर सहदेव प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर लावतो. पारा नव्व्याण्णवच्या वर गेला की तीन दिवस घरी. माझा गेला. घरी बसून मी व्यायाम दुप्पट केला. चौथ्या दिवशी पारा आणखी वर. तिसऱ्या खेपेला सहदेव म्हणाला, "बाई, तुमचा ताप तुमच्यापेक्षा वक्तशीर आहे. जा, आराम करा." आराम सोडून मी सगळे केले. नऊ खाडे झाले. दहावा झाला की नोकरी कायम होणार नव्हती, आणि कायम न झाल्यास ठाण्याला परतायचे, ही अण्णांची अट तुला ठाऊक आहे.

शेवटी व्यायाम आणि ताप यांचा आलेख काढला. सरळ रेषा आली. भरभर चालले की अंग तापते, हे कळायला रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीला आलेख लागला. मग शनिवारी एसटीने गेले, फाटकाबाहेर अर्धा तास बसले. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. साहेबांनी आलेख पाहून नऊही खाडे माफ केले. "आता पुढचा ताप खरा आणा," एवढेच म्हणाले.

एकूण, व्यायामाचा दोष नाही. तो चालूच ठेवणार आहे. काळजी नसावी.

तुझी,
लक्ष्मी

ता. क. एसटीत शेजारचे गृहस्थ वाटभर खोकत होते.

ता. क. साहेबांचे ऐकले. आज पारा एकशे दोन. आवडाबाईंच्या थर्मामीटरने तीनदा मोजला, तिन्ही वेळा बसून.

ता. क. आवडाबाईंनी अण्णांना माझ्या तापाचे कार्ड टाकले आहे. ते आधी आले तर मला घेऊन जातील, आणि एकदा नेले की परत पाठवणार नाहीत. तू आधी आलीस तर मी इथेच बरी होईन. आग्रह नाही. ठाण्याहून आठ दहाला गाडी आहे. स्टेशनापासून टांगा कर. चालत आलीस तर आवडाबाई तुझाही ताप मोजतील.