सगळा दोष यकृताचा

४ जानेवारी
साखर निघाली. मला! तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने नुसता आहार सांभाळून बघा, नाही उतरली तर गोळ्या आणि तरी नाही तर इंजेक्शन. म्हटलं, तीन महिने कशाला, एका महिन्यात उतरवतो. इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला शिस्त शिकवावी लागत नाही.
हिने तिथल्या तिथे जाहीर केलं की मीही तेच खाणार, एका घरात दोन स्वयंपाक नकोत. जिला चहात तीन चमचे साखर लागते ती ही बाई! डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

५ जानेवारी
नियम. एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा बघायची वेळ येणार नाही. आधी भाजी, मग डाळ किंवा अंडं, भात शेवटी आणि मूठभर. म्हणजे साखर एकदम उसळत नाही. जेवल्यावर चालायचं. गोड बंद. लोक उगाच बाऊ करतात.
साखर मोजायचं मशिन आणलं. ते दुकानात ठेवायचं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं.

१४ जानेवारी, सकाळ
उपाशीपोटी १६२! रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. खरंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा यकृत आपणहून रक्तात साखर सोडतं. घाबरू नका, आहार चालू ठेवा.
फोन ठेवला आणि एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी न खाताही साखर वाढते. मग न खाऊन उपयोग काय, असा विचार मनात आला. हाकलून लावला.

१४ जानेवारी, दुपार
विचार परत आला. समोरच्या बेकरीवाल्याच्या मुलीला नोकरी लागली, म्हणून केक. नको म्हणणं म्हणजे त्या पोरीचा अपमान. चाखला. दोनदा. पण आधी डब्यातली काकडी खाल्ली होती, म्हणजे नियम मोडला नाही. तासाभराने १९६. हे यकृत कुणाचं ऐकत नाही.
हिला फोनवर १४६ सांगितलं. मशिन थोडं इकडेतिकडे दाखवतं, असं खोक्यावरच छापलंय. पन्नासने दाखवतं असं नाही छापलेलं, पण जागा तरी किती असते खोक्यावर.

२ फेब्रुवारी
संत्र्याचा रस घेतला, मोठा ग्लास. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, फळ चावून खा, रस थेट रक्तात धावतो. पण संत्री तीच ना? २११. घरी १५० सांगितले.
आकडा खाली येत नाही म्हणून ही काळजीत पडली. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणाली आणि उद्यापासून दोघांच्याही ताटातला भात दोन चमच्यांवर आणते म्हणाली. मी म्हटलं, एवढं नको. ऐकेना. दोन चमच्यांवर माणूस दिवसभर दुकान कसं चालवणार? बेकरीत उद्यासाठी बन सांगून ठेवावा लागला. नाइलाज.

१९ फेब्रुवारी
आनंदाची बातमी! आज पेपर चष्म्याशिवाय वाचला. अख्खा. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा. या वयात! हा सगळा आहाराचा प्रताप. हिला सांगितलं तर लगेच बहिणीला फोन करून कळवलं की ह्यांचे डोळे सुधारले. किती दिवसांनी हसली. मग मलाही वाटायला लागलं की आहार चाललाय, बराचसा.
बेकरीचा बोर्ड मात्र फिका पडलाय. बेकरीवाल्याला म्हटलं, रंग दे. त्याला राग आला. गेल्याच महिन्यात दिला म्हणे.

२६ फेब्रुवारी
आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी दुकानात आले. त्यांनाही साखर. म्हणाले, जवळचं छान दिसतंय पण लांबचं पुसट, नवा चष्मा करा. चांगलं फैलावर घेतलं. साखर चढी असली की डोळ्याचं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. आधी साखर ताळ्यावर आणा, दीड-दोन महिने थांबा, मग चष्मा, नाहीतर पैसे पाण्यात. गुरुजी म्हणाले, आजकाल असं स्पष्ट सांगणारे दुकानदार राहिले नाहीत. समाधान वाटलं.
ते गेल्यावर माझ्या लांबच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढवून घेतला. दुकान घरचंच आहे. बेकरीचा रंग खरंच नवा आहे.

८ मार्च
संध्याकाळी बाजारातून येताना जिन्यात हिला चक्कर आली. पायरीवरच बसली. हात गार पडलेला. ही केवढी वाळली आहे ते हात धरल्यावर कळलं. गेल्या आठवड्यात सगळे कपडे आतून शिवून लहान करत बसली होती, तेव्हा मी टीव्ही बघत होतो.
शेजारीणबाई साखरेचं पाणी घेऊन येईपर्यंत तिथेच बसून होतो. माझ्या खिशात बिस्किटं होती. काढली नाहीत. काढली असती तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं.
हे लिहिणार नव्हतो.

९ मार्च
आजपासून खरंखुरं. हिला सगळं सांगून टाकायचं. रात्री सांगायला गेलो तर झोपली होती. उद्या.

१० मार्च
मेव्हणी आली होती, बहिणीची तब्येत बघायला. तिच्यासमोर कसं सांगणार? उद्या.

११ मार्च
आज दिवसभर बेकरीकडे फिरकलो नाही. मनावर ताबा असला की सगळं जमतं. बेकरी बंद होती, पण ते वेगळं.

१२ मार्च
बेकरी उघडली.

५ एप्रिल
रिपोर्ट. चक्कर आली होती म्हणून हिचंही रक्त तपासलं. माझी सरासरी आठ पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, आहार उत्तम आहे, गुण आलाय. फक्त बाईंना आलाय, आणि त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांचं वजन फार उतरलंय, त्यांनी आजपासून हे थांबवायचं.
मी यकृताचा विषय काढला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हीच माझी बाजू घेऊन म्हणाली की निदान ह्यांचे डोळे तरी सुधारलेत, चष्म्याशिवाय वाचतात. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुमचा व्यवसाय काय म्हणालात? मी हळू आवाजात सांगितला. मग भिंग का फुगतं ते त्यांनी हिला समजावून सांगितलं. मी गुरुजींना सांगितलं होतं, जवळजवळ तसंच.
घरी आलो. जिना चढताना ही म्हणाली की मला वाटत होतं मीच कुठेतरी चुकतेय. भाजी तोलून घेत होते, बटाटा घरात आणणं सोडलं. तरी तुमचा आकडा उतरेना, म्हणून रात्रीचा माझा भातही सोडला होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही.

६ एप्रिल
सगळं सांगितलं. केक, रस, बन, फोनवरचे आकडे. शेवटी जिन्यातलंही. हिने एवढंच विचारलं की खिशात बिस्किटं किती होती. चार म्हणालो. मग सहा म्हणालो. सहाच होती.

२८ एप्रिल
गोळ्या सुरू आहेत. आहारही, खरोखरचा. बेकरीवाला विचारत होता, काही चुकलं का आमचं? मशिन आता घरी. साखर उतरायला लागली आणि डोळे होते तिथे परत चाललेत. पेपर जुन्या चष्म्यानेही दिसत नाही, नंबर अजून हलतोय. नवा चष्मा आत्ता करता येत नाही, थांबावं लागेल.
आज सकाळी बोट टोचलं. आकडा वाचता येईना, म्हणून मशिन हिच्यापुढे धरलं. ही म्हणाली ११८. म्हटलं, नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? ही आपला चहा घेऊन आत गेली.
मशिन लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीत उजेडाला नेलं. मधला आकडा एक आहे की सात, ते काही कळेना. हिला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.